शेवेच्या पुड्यातला कैदी

"विनू, खाणं थांबव! एकदम थांबव!" माणिक ओरडली.

विनायकचा हात तोंडापाशी जाऊन अडकला. टावर चौकात, गोपाळचाचांच्या दुकानासमोर, सकाळची गरम शेव खाताना कोणी असं ओरडतं का? "काय झालं? पाल पडली?"

"पाल नाही रे, कागद बघ! पुड्याचा कागद! ही मोडी आहे, मोडी!"

"अरे देवा!" रजनीने कपाळाला हात लावला. "दिवाळीच्या सुट्टीत पण मोडी?"

खरं तर माणिकही एरवी हेच म्हणाली असती. तिचे दत्तात्रयआजोबा शिंदे सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी सगळ्या मुली लंगडी खेळायच्या आणि माणिक आजोबांसमोर मांडी घालून जुनी मोडी पत्रं वाचायची. पाच वर्षं! "आता कोण वाचतंय ही, आजोबा?" ती रोज वैतागून विचारायची. आजोबांचं उत्तरही रोजचंच. "तू."

तिने शेव सरळ विनूच्या टोपीत ओतली.

"माझी टोपी!"

"गप्प बस. 'बंदी नंबर अकरा... यज्ञेश्वर गोविंद...'" माणिकचा आवाज एकदम खाली आला. "अगं रजनी, हे आपल्या कुसुमताईंचे वडील!"

कुसुमताई त्यांना इतिहास शिकवायच्या. एकोणचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी एका गोऱ्या साहेबावर गोळी झाडली, साहेब मेला, खटला चालला आणि ते तुरुंगातच वारले, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुढचं लोक आवाज बारीक करून सांगायचे. मरण्याआधी म्हणे त्यांनी साथीदारांची नावं सांगितली! म्हणून तर येत्या एक नोव्हेंबरला शाळेत क्रांतिकारकांच्या नावांचा जो दगड बसणार होता, त्यावरून यज्ञेश्वरांचं नाव कमिटीने गाळलं. "पुरावा आणा," असं ताईंना सांगितलं होतं. पुराव्यासाठी ताई उन्हाळाभर कचेरीत खेटे घालत होत्या आणि तिथले दुबेजी दर वेळी पान चघळत म्हणत होते, "बहनजी, ऐसा कोई काग़ज़ है ही नहीं।"

"है ही नहीं!" माणिकने तो कागद नाचवला. "मग हे काय आहे? चाचा, ये काग़ज़ कहाँ से आया?"

"दफ़्तर से, बिटिया," गोपाळचाचा झारा झटकत म्हणाले. "पहली तारीख से मध्यभारत ख़तम, नया प्रदेश बनेगा, सब काग़ज़ भोपाल जा रहे हैं। दुबेजी बोले, ये टेढ़ी-मेढ़ी लिखाई किसी से पढ़ी नहीं जाती, ले जाओ।"

त्यांच्या मागे कागदांचा गठ्ठा पडला होता. कचेरीत जुने कागद लाल फडक्यात बांधून ठेवतात, त्याला रुमाल म्हणतात. त्या रुमालाच्या फडक्याला चाचा हात पुसत होते!

"पढ़ी नहीं जाती?" माणिकचं डोकंच फिरलं. "मी वाचते ना! मन मारून वाचते, पण वाचते! कोणाला तरी विचारायचं होतं!"

चाचा मात्र गठ्ठा देईनात. "दिवाली सिर पर है। पुड़े किसमें बाँधूँ? काग़ज़ दो, काग़ज़ लो।"

अर्ध्या तासात रजनीने बाबांची जुनी वर्तमानपत्रं आणली आणि विनूने तीन वर्षांच्या गणिताच्या वह्या. अख्ख्या उज्जैनमध्ये त्या सकाळी त्याच्याइतकं खूश कोणी नसेल.

तिघं दुकानाच्या पायरीवर बसली. पानांवर आकडे होते. गठ्ठ्यात एक ते पंचेचाळीस. शेवेचा पुडा होता सेहेचाळिसावा. माणिक त्यावर बोट ठेवून वाचत गेली. "'बंदी तापाने फणफणला आहे. जेलरसाहेबांनी अखेरचे म्हणून साथीदारांची नावे विचारली. तेव्हा बंदी म्हणाला की...'"

"म्हणाला की काय?"

"पान संपलं."

"असं कोणी पान संपवतं का!" विनू उसळला.

"मला काय विचारतोस? मी लिहिलंय का?" माणिक त्याहून जोरात उसळली. मग एकदम उभी राहिली. "चाचा शेवटून पानं फाडतायत. आपला पुडा सेहेचाळीस. म्हणजे आपल्या आधीचा... चाचा, आज सबसे पहली बोहनी किसने की?"

"दुबेजी ने। पाव भर बारीक सेव।"

देवास गेटकडच्या त्या कचेरीपर्यंत तिघं धावत सुटली. दारात ट्रक उभा, त्यात पेट्या चढत होत्या. आत दुबेजी एका उंच, पांढऱ्या मिशांच्या अधिकाऱ्यांना काहीतरी समजावत होते. ते भय्यासाहेब. भोपाळला जाणाऱ्या दप्तराची तपासणी त्यांच्याकडे होती. आणि टेबलावर कागद पसरलेला, त्यावर शेव. कोपऱ्यात आकडा, सत्तेचाळीस!

"उचलतो आणि पळतो," विनू कुजबुजला.

"म्हणजे चोर आपणच ठरू! थांब जरा."

"साहब, एक-एक काग़ज़ पढ़कर छाँटा है," दुबेजी शेवेची चिमूट तोंडात टाकत म्हणाले. "काम का एक पन्ना नहीं छूटा।"

मागच्या वर्षीची माणिक असती तर रजनीच्या पाठीमागे लपली असती. पण या वर्षी तिने आंतरशालेय वक्तृत्वाचं बक्षीस मारलं होतं! ती सरळ टेबलापाशी गेली.

"मोडी भी पढ़ी, दुबेजी?"

"मोडी भी! हम सब पढ़ लेते हैं। तुम कौन?"

"तो ये ज़रा पढ़ दीजिए ना." तिने शेवेखालच्या कागदावर टिचकी मारली.

दुबेजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. कागद जवळ धरला, लांब धरला. शेव त्यांच्या धोतरावर सांडली. "ये... हाँ... गेहूँ है। गेहूँ की आवक।"

"दुबेजी, काग़ज़ उलटा है," रजनी अगदी गोड आवाजात म्हणाली.

भय्यासाहेबांच्या मिशा हलल्या. "मुली, तू वाच," ते मराठीत म्हणाले.

माणिकने कागद घेतला. तेलकट बोटांचे डाग पडले होते, पण अक्षर जिवंत होतं.

"'...मला ठाऊक नाही. दोनदा विचारले, तीनदा विचारले. नाव एकही दिले नाही. बंदीच्या घरी कन्या झाल्याची खबर होती, ती सांगितली. बंदी हसला. मुलीचे नाव विजया ठेवावे, एवढा निरोप घरी द्यावा, अशी विनंती केली. निरोपास मनाई, सबब दिला नाही. बंदी पहाटे वारला.'"

दुबेजींचं चघळणं थांबलं.

"ट्रक रोको!" भय्यासाहेब गरजले. "मोडी का एक भी रूमाल मेरे देखे बिना नहीं हिलेगा। और दुबेजी, जितने काग़ज़ नमकीनवालों के यहाँ गए हैं, सब आप ख़ुद जाकर लाएँगे। पैदल!" मग ते मुलांकडे वळले. "अख्ख्या कचेरीला जमलं नाही ते तुम्ही तिघांनी केलंत. कमिटीला मी स्वतः या पानाची शिक्क्याची नक्कल देतो. दगडावर नाव येईल."

संध्याकाळी कुसुमताईंच्या अंगणात माणिकने ती नक्कल पुन्हा वाचली. मग ताईंनी सांगितलं म्हणून आणखी एकदा. आजोबाही आले होते.

"वाचन शुद्ध," आजोबा म्हणाले. "शाबास. फक्त 'सबब'ला घाई केलीस."

"आजोबा!" माणिकने पाय आपटला. आज तरी! निदान आज तरी!

ताई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "गोळी झाडली ते बरोबर की चूक, हे मी दर वर्षी तुम्हाला वर्गात विचारते. मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यांनी मित्रांना विकलं नाही. एवढंच मला हवं होतं गं. आणि हे नाव... हे तर मी मागितलंही नव्हतं."

"मग उद्यापासून तुम्हाला विजयाताई म्हणायचं?" विनूने विचारलं.

"नको रे बाबा, हजेरीपटावर किती गोंधळ होईल!" ताई म्हणाल्या. मग माणिककडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "पण एकदा म्हण. निरोप द्यायचा राहिलाय ना."

माणिकने घसा साफ केला. या वेळी तिने मुळीच घाई केली नाही.

"विजया," ती म्हणाली.

"ओ," ताई म्हणाल्या.