डाव्या हातानं काढलेली पोर

शिरूरहून दौंडला निघालेल्या एसटीनं न्हावरा सोडलं, एका खड्ड्यात आदळली, आणि शेजारच्या माणसाच्या हातातली बाटली माझ्या कोऱ्या पिवळ्या साडीवर सांडली. निळाशार रंग... गुडघ्यापासून पार काठापर्यंत!

"अगं बाई—"

तो ताडकन उठला, डोकं वरच्या फळीवर आपटून पुन्हा बसला. "पाण्याचा रंग आहे. धुतला की जाईल."

"आणि नाही गेला तर?"

त्यानं डोळे बारीक करून डागाकडे पाहिलं. "तर... शोभतोय तसा."

मी शिरूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर भल्याभल्यांना 'लाइन बिझी आहे' म्हणून गप्प करणारी. पण तेव्हा मला हसूच फुटलं.

"नाव काय तुमचं?" त्यानं विचारलं.

"गायकवाड."

"ते आडनाव झालं."

"तेवढंच पुरे."

चौथी मुलगी झाले म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव मी कुणाला सांगत नसे. ते ओठांवर आलं, की माझा आवाजच बसायचा.

दौंडला माझी सोजरआत्या राहायची. तिचा तरणा मुलगा तापानं गेला, तेव्हापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. तिथल्या एका डॉक्टरांनी तिला दर शनिवारी दवाखान्याच्या ओसरीवर चित्रं काढायला बोलावलं होतं. दुपारी मी तिला धरून नेलं, तर रंगांच्या वाट्या मांडत बसला होता तोच, बसमधला! हिरामण सोनवणे, शाळेतला ड्रॉइंग मास्तर.

"साडी धुतली नाही?" तो म्हणाला.

"शोभतेय ना!"

त्याचे कान लाल झाले. घाईघाईनं त्यानं माझ्यापुढेही कागद ठेवला. "बसा तुम्हीपण. पण डाव्या हातानं काढायचं."

"का?"

"उजवा हात शाळेत जाऊन शहाणा झालाय, त्याला सगळं नीटनेटकं लागतं. डावा अजून लहान आहे. मनाच्या तळाशी आपलं जे पोर बसलेलं असतं ना... ते त्याच्याशी बोलतं."

मी हसतच ब्रश उचलला. आधी एक पाळणा उमटला. मग बायका, सगळ्या पाठमोऱ्या. आणि पाळण्यात पोर, डोळे टक्क उघडे. हे मला आठवणं शक्यच नव्हतं... पण हात थांबेना. कागदावर थेंब पडला तेव्हा कळलं, मी रडतेय.

तो शेजारी येऊन बसला. चित्राचा अर्थबिर्थ काही सांगितला नाही. हळूच म्हणाला, "हिला काय हवंय?"

"कुणीतरी... वळून बघायला हवंय."

"मग काढा की."

मी आणखी एक बाई काढली. पाळण्यावर वाकलेली, पिवळ्या साडीतली.

"ही कोण?"

"मीच."

"आणि पोरीचं नाव?"

"नकुशी," मी म्हणाले. आवाज बसला नाही.

त्यानंतर माझा एकही शनिवार चुकला नाही. आत्यासाठी जाते, असं मी सगळ्यांना सांगत होते. आत्या मात्र कागदावर नुसता काळा रंग फासत राहायची. मग एका शनिवारी ब्रश आपटून ती एकदम म्हणाली, "ए मास्तर, पानी बदल की! समदं गढूळ झालंय. का नुसतं पोरीकडंच बघत बसनार हायस?"

आत्यानं हिरवा रंग ओढून घेतला. "माझ्या दत्तूला हिरवा लई आवडायचा..." म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडली.

संध्याकाळी हिरामण मला स्टँडवर सोडायला आला. "आत्यांनी सगळ्यांपुढं सांगूनच टाकलं..."

"काय सांगितलं?"

"मी तुमच्याकडं बघतो म्हणून."

"बघता?"

"व्हय!" मास्तरांची शुद्ध भाषा कुठल्या कुठं पळाली. "लग्न करायचंय मला तुमच्याशी. आईलाही पसंत आहे. फक्त... ती म्हणते, नाव बदलून घेऊ. सुजाता."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाव तिचं आहे, तिलाच विचारू."

शिरूरची गाडी लागली होती. मी चढले नाही. "चला, आईंशी मीच बोलते."

त्याची आई बानूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले. "आई, नाव बदललं तर त्या पाळण्यातल्या पोरीकडं पुन्हा सगळ्यांची पाठ होईल. मी तिला घेऊनच येणार. चालत असेल तर हो म्हणा."

त्यांची बोटं सुपातच थांबली.

"माझं म्हायेरचं नाव धोंडी," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नात बानू केलं. धोंडीला पुन्हा कुनी हाकच मारली न्हाई बघ..."

हिरामण दाराशी खिळून उभा होता. आईचं हे नाव तो पहिल्यांदाच ऐकत होता.

बानूबाईंनी पदरानं डोळे टिपले, सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"नकुशे," त्या म्हणाल्या, "आत ये. च्या टाकते."

"आले, आई," मी म्हणाले. "आणि साखर जरा जास्तच घाला."