ओढीचा साठा

सुरूबंदरच्या किनारी अर्थ-अभ्यास केंद्रात भिंतभर एक नकाशा होता. खानावळी, होड्यांच्या फेऱ्या, उघड्यावरचा सिनेमा, शहाळ्यांच्या गाड्या, प्रत्येकाच्या उलाढालीचा त्यावर एक उजळ ठिपका असे. मे महिना चालू होता, आणि ठिपके विझत होते.

"बाहेरचे पर्यटक होते तेवढे आहेतच," यशोधन पावसकर म्हणाला. केंद्रातली सगळी गणिती प्रारूपं त्याच्या हातची. "आटलेत ते आपलेच, ताई. मुंबईचे, दुबईचे, हॅम्बुर्गचे. सुट्टीला घरी येऊन हात सैल सोडणारे."

केंद्राच्या प्रमुख डॉ. देवयानी तांडेल यांनी कारण विचारलं. कारण प्रत्येक घराच्या भिंतीवर होतं. सहवासकाच येऊन सहा-सात वर्षं झाली होती. ती उघडली की दूरच्या माणसाची खोली आपल्या खोलीला येऊन मिळे. तिथला उजेड इथल्या फरशीवर पडे, तिथल्या कॉफीचा वास इथे येई. हात तेवढा पलीकडे जात नसे.

"ओढ ही भावना आहे हे क्षणभर विसरा," यशोधन म्हणाला. "साठा म्हणून बघा. माणूस लांब राहिला की तो रोज थोडा थोडा भरतो. एका पातळीच्या वर गेला की माणूस तिकीट काढतो, आणि असा आलेला माणूस खर्चाचा विचार करत नाही. आपल्या होड्या त्यावर चालायच्या. आता संध्याकाळी काचेसमोर बसलं की दिवसभराचं साठलेलं तिथेच वाहून जातं. पातळी कधी गाठलीच जात नाही."

"म्हणजे भेटीचं समाधान मिळतं."

"भेटायला जाऊ नये इतपत मिळतं. पूर्ण मिळतं का, ते मी मोजलेलं नाही."

देवयानींचा मुलगा श्रीरंग हॅम्बुर्गच्या बंदरात यंत्रमानवांवर नजर ठेवायच्या कामाला होता. रोज देवापाशी दिवा लावून झाला की त्या काचेसमोर बसत. तिकडे त्याची दुपारची कॉफी चालू असे. चार वर्षांत तो घरी आला नव्हता. काम असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. आता कळलं की त्याला काही कमी पडत नव्हतं, आणि ते पडू न देण्याचं काम त्या स्वतःच रोज नेमाने करत होत्या.

उपाय उघड होता. गणपती झाले की काचा झाकायच्या, त्या उन्हाळ्यापर्यंत. गावाची बैठक झाली तेव्हा पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या सुलूमावशीने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "झील रोज काचेत दिसता, मगे तो तिकीट काढून येतलो कित्याक?" लेकरू रोज दिसतंय, तर ते येईल कशाला, हे सगळ्यांना पटलं. पण पाळणार कोण? करार केला तर पहिल्या आठवड्यातच कोणीतरी चोरून फोन करेल, असं यशोधन म्हणाला.

तेव्हा देवयानींनी सुचवलं की करार नको, नेम धरू. चातुर्मासात लोक वांगं सोडतात, कोणी गूळ सोडतं. आपण आवाज सोडू. काच नाही, फोन नाही, निरोप नाही. येणाऱ्याने येतो म्हणूनही कळवायचं नाही. आजारपण आणि मृत्यू एवढेच अपवाद. भेट झाली की नेम फिटला.

ठरल्या संध्याकाळी रवळनाथाच्या देवळात लोकांनी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. लोक घरी परतल्यावर परगावच्यांनी आपापल्या काचेतून सोडला.

"त्यापेक्षा मी वांगं सोडू का, आई?" श्रीरंग हसत म्हणाला.

"वांगं तुला आवडतच नाही. आवडतं ते सोडायचं असतं."

त्यावर तो हसायचा थांबला. कॉफीचा मग विसळून त्याने त्यात पाणी भरलं आणि उजव्या तळहातावर घेतलं.

नेम मोडायला कोणी धजावलं नाही. मार्गशीर्षापासून यशोधनच्या प्रारूपात हालचाल दिसू लागली. दुबईत तिरफळांची विक्री वाढली, हॅम्बुर्गमधले लोक कोकम शोधू लागले, तिकिटांचे दर नुसतेच बघून ठेवू लागले. तो नावं सांगत नसे. देवयानी विचारत नसत. संध्याकाळी दिवा लावून झाला की त्यांची पावलं झाकलेल्या काचेकडे वळत आणि मध्येच थांबत. श्रीरंगच्या नदीलाही भरती-ओहोटी असते, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळी केंद्रात आल्यावर सुरूबंदरची भरती पाहायच्या आधी त्या हॅम्बुर्गच्या एल्बे नदीची भरती पाहू लागल्या. त्याचा त्यांच्या कामाशी काही संबंध नव्हता.

एप्रिल संपताना यशोधनचा चेहरा खुलला. मेच्या पहिल्या आठवड्यात सुरूबंदरकडे येणाऱ्या गाड्या आणि विमानं भरलेली होती. त्याच आठवड्यात केंद्रात रजेचे अर्जही फार आले. देवयानींनी कारणं न वाचता सगळ्यांवर सह्या केल्या. शेवटचा अर्ज त्यांचा स्वतःचा होता.

हॅम्बुर्गला श्रीरंगच्या दारावर त्यांनी बराच वेळ बोटं टेकवून ठेवली आणि मग घंटी वाजवली. दार शेजारचं उघडलं. म्हातारीशा बाईंनी देवयानींकडे निरखून पाहिलं. कानातला दुभाष्या त्यांचे शब्द मराठीत आणत होता, पण त्यातली हळहळ त्याच्याआधीच पोहोचली.

"श्रीरंग काल गेला. आईकडे. झाडांना पाणी घालायला किल्ली ठेवून गेलाय." मग किल्ली पुढे करत, "आई तुम्हीच ना?"

खोलीत शिरताच यशोधनचा निरोप आला. त्याच्याशी बोलायला नेमाची आडकाठी नव्हती. *ताई, कुठे आहात? गाड्या भरून आल्यात आणि निम्म्या घरांना कुलूप. सुलूमावशी दुबईला गेली. आपण साठा एकाच बाजूला मोजला.*

देवयानी श्रीरंगच्या पलंगाच्या कडेला बसल्या. चूक इतकी साधी होती. दोरीला दोन टोकं असतात. पण ज्याच्याकडे खर्चायला पैसे, तो ग्राहक. त्याची ओढ मोजायची. घरी वाट पाहणारे आईबाप प्रारूपात होतेच, पण होड्या आणि खानावळींच्या रांगेत. सुविधा म्हणून. त्यांचाही साठा भरत जाईल, पातळी ओलांडेल आणि ती माणसंही उठून चालू लागतील, हे कोणी धरलंच नव्हतं. ज्या बाईचा स्वतःचा साठा भरून वाहत होता, तिनेही धरलं नव्हतं.

समोरच्या भिंतीवरची काच उजळू लागली. पलीकडून श्रीरंग बोलावत होता, त्यांच्याच माजघरातून. कुलूप पाहून आई कुठे असेल ते त्याने ओळखलं असणार; घरची किल्ली त्याच्याकडे होतीच.

देवयानींचा हात अर्ध्यावर थांबला. उत्तर दिलं नाही, तर तो आल्या पावली परत फिरेल, त्याही निघतील, कुठेतरी ढगांवर पुन्हा चुकामूक होईल. उत्तर दिलं, तर दोघांचंही वाहून जाईल. बोलणं होईल, जीव निवेल, आणि मग पुढच्या वर्षी बघू म्हणत दोघंही आपापल्या गावी परततील.

त्यांनी काच उघडली.

तो काळवंडला होता, बारीक झाला होता. खांद्यावरची पिशवी अजून उतरवलेली नव्हती. दोघं एकदमच म्हणाले, "तू तिथेच थांब."

थांबायचं कोणी, याचं उत्तर शास्त्राप्रमाणे सरळ होतं: ज्याची ओढ कमी, त्याने. "मी थांबतो" असं म्हणणं म्हणजे तेवढं कबूल करणं, आणि ते त्याच्या तोंडून निघणार नव्हतं.

"तू नको, आई. मीच येतो."

"बरं," देवयानी म्हणाल्या. "मी थांबते."

ते ऐकून त्याचे खांदे सैल पडले. त्याने पिशवी खाली ठेवली, आईची खुर्ची पुढे घेतली आणि तो ऐसपैस बसू लागला. "अगं, गंमत ऐक, इथे सगळ्या आळीत..."

त्याचा चेहरा निवत चालला होता. तो चेहरा त्यांनी चार वर्षं रोज संध्याकाळी पाहिला होता.

"आता नको बोलूस, रंगा," त्या म्हणाल्या. "ये."

आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी काच बंद केली.