माप न घेतलेली बाई

जावयाने विचारलं नाही, हा मोठ्या बाईंचा खरा राग होता. मंडळीत नवी गायिका आणायची आणि तिला कपडेपटाच्या तंबूत साधं तोंड दाखवायलाही पाठवायचं नाही, ही कुठली रीत? चाळीस वर्षं या ऑपेरा मंडळीच्या अंगावर जे काही चढलं, ते मोठ्या बाईंच्या हातून चढलं होतं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण माणूस दारातून आत येईतो त्याचा खांदा, छाती, कंबर त्यांच्या डोळ्यांत उतरलेली असायची. आणि आता तिसऱ्या अंकात डावीकडून कुणी तरी गात होती, जिला त्यांनी ना मापलं होतं, ना पाहिलं होतं.

"उघडी तर गात नसेल ना," बाई इस्त्रीवालीला म्हणाल्या. इस्त्रीवाली हसली नाही.

जावई म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक. हातात बारीक काडी घेऊन साठ वादकांसमोर उभा राहणारा. सोयरीक आली तेव्हा 'मुलगा कंडक्टर आहे' एवढंच ऐकून बाईंनी विचारलं होतं, कुठल्या बसवर? ही गोष्ट घरात दर लग्नाकार्यात निघे, आणि दर वेळी सगळ्यांत जास्त तोच हसे. गुणी जावई. सासूच्या मागे घरात पाऊल टाकणारा, बायकोच्या उशाशी स्वतः कोमट पाणी ठेवणारा. बाई त्याला तोंडावर अहो-जाहो करत आणि पाठीमागे अरे-तुरे, पण त्या अरे-तुरेतही माया असे.

थिएटरचं छप्पर दुरुस्तीला निघालं म्हणून या हंगामाचे खेळ तळ्याकाठच्या मैदानावर होते. लाकडी मंच, मागे ताणलेलं राखाडी कापड, बाजूंना काहीच नाही. वाऱ्याने वादकांसमोरचे कागद उडायला लागले, तेव्हा बाईंनीच कपडे वाळत घालायचे दोनशे लाकडी चिमटे काढून दिले. खेळ साडेचारला सुरू होई आणि उजेडातच संपे.

पहिला व्हायोलिनवाला कोटाचं बटण लावून घ्यायला आला, तेव्हा बाईंनी विषय काढला. तो म्हणाला, मोकळ्यावर सगळंच अवघड. आवाज भिंतीला लागून परत येत नाही, गेला की गेला. शेजाऱ्याची तार वाजली की नाही तेही कळत नाही.

"मग वाजवता कसे?"

"तुमच्या जावयांचा हात दिसतो ना, बाई. हात म्हणेल ते खरं."

"आणि डावीकडे गाते ती कोण?"

तो सुईकडे बघत राहिला. "त्यांचा हात तिकडे जातो. मग आवाज येतो. आम्ही तिकडे बघत नाही."

ती जागा खरं तर बाईंच्या लेकीची. तळ्यात बुडालेली बहीण काठावरच्या बहिणीला हाक मारते, एवढंच ते गाणं. पण लेक गायची तेव्हा लोक रुमाल काढत. मैदानावर आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिचा आवाज बसला. तिसऱ्यात कुजबुजही उरली नाही. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं, घसा धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ. आता ती पाटीवर लिहून बोले. हंगाम संपू दे, सगळं ठीक होईल, असं नवरा तिची समजूत घाली.

शनिवारी बाईंनी स्वतः छडा लावायचं ठरवलं. त्या दिवशी तेवीस पोशाख बाहेर गेले होते, तेवीस अंगांवर. तिसरा अंक लागला तशा त्या टाचण्यांची उशी मनगटाला बांधलेलीच ठेवून मागच्या कापडाच्या डाव्या टोकाआड गेल्या. तिथे खिळ्यांचा डबा होता, दोराची गुंडाळी होती. माणूस नव्हतं.

कापडाच्या फटीतून जावई दिसत होता, समोरून. इतकी वर्षं त्यांनी त्याची पाठच पाहिली होती. उजव्या हातातली काडी खाली आली, वाद्यं दबली. मग त्याने छातीभर श्वास घेतला आणि डावा हात उचलला. दोन बोटं, रिकाम्या फळ्यांकडे.

आवाज बाईंपासून हातभर अंतरावर उठला. मनगटाला कोमट श्वास लागला. आणि वरच्या सुराआधी तो श्वास जरासा अडखळला, दाराच्या उंबऱ्याला पाय लागावा तसा.

त्या अडखळण्यासाठी पंधरा वर्षं बाई एका पोलक्यात डाव्या काखेखाली बोटभर कापड जास्त सोडत आल्या होत्या. एकाच पोलक्यात, लेकीच्या.

दुसऱ्या दिवशी तिसरा अंक लागला तसं त्यांनी लेकीला तंबूत आणलं, पेटीवर बसवलं, आणि तिच्या छातीभोवती मापाची टेप धरली. लेकीने आपणहून हात वर केले.

बाहेर वाद्यं दबली.

लेकीचे ओठ मिटलेले होते. टेप दोन बोटं ताणली गेली. थांबली. मग आणखी एक बोट.

मंचावरून वरचा सूर आला.

बाईंनी टेप सोडली. लेकीने पाटी ओढली. बाई अक्षर अक्षर लावत वाचत राहिल्या.

'त्यांनी मागितला होता. म्हणाले, मोकळ्यावर तुझा आवाज पोचत नाही, मी पोचवतो. मी हो म्हटलं.'

तिने पुसून पुन्हा लिहिलं.

'मी तो परत द्या म्हटलं. म्हणाले, आता लागतो तसा तुझ्याकडे कधी लागलाच नव्हता.'

बाईंना ते कोमट पाण्याचे पेले आठवले. रोजचे. त्याच्या हातचे.

खेळ संपला तेव्हा ऊन अजून तळ्यावर होतं. लोक उठत होते. वादक कागदांचे चिमटे काढून डब्यात टाकत होते, टक, टक. बाई सरळ जावयापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, माझ्या लेकीचा आवाज द्या."

त्याने नाकारलं नाही. नवख्या वादकाला समजवावं तसा तो हळू म्हणाला, "आई, लोक बघतायत. घरी बोलू."

"इथेच बोलणार."

"मग बोला," तो म्हणाला, आणि छातीभर श्वास घेतला.

डावा हात वर आला. दोन बोटं.

चिमट्यांचा आवाज थांबला. साठ माणसं हाताकडे बघत होती. डावीकडे कुणीही बघत नव्हतं.

बाईंनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला समोरासमोर एकेरीत बोलायचं होतं, आणि त्या बोलल्या. ओठ हलले, शब्द न् शब्द हलला. घशात मात्र काहीच हललं नाही.

दहा पावलांवरच्या रिकाम्या फळ्यांवरून, त्यांच्याच खरखरीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं:

"चोर आहेस तू. घरात घेतलेला चोर."