इझाबेला रेनीच्या मुली

मिडवाइफने दिलेल्या फॉर्मवर ‘आईच्या माहेरचे आजार’ असा एक रकाना होता. साराने तो कोरा सोडला आणि पेन माझ्या हातात दिलं.

“आई, मिहीरची बाजू तुम्ही भरा. तुमच्याकडे डायबेटिस, बीपी, सगळं आहे.”

सारा माझी सून. ग्लासगोतच जन्मलेली, फॉस्टर घरांमध्ये वाढलेली. बोलायची इंग्रजीत, पण मिहीरचं ऐकून मला ‘आई’ म्हणायला लागली होती. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे.

मी सुलक्षणा. बत्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांमध्ये भूल देण्याचं काम केलं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, माझा नवरा राजीव जाऊन चार. बेअर्सडेनच्या घरात मी एकटीच. तो कोरा रकाना मला दिवसभर खटकत राहिला. संध्याकाळी फोन करून म्हटलं, “तुझी माणसं मी शोधून काढते.” ती म्हणाली, “बघा, सापडली तर.”

माझी नात सिया डिसेंबरच्या चौदा तारखेला झाली. मी शोध सुरू केला तो त्यानंतर, पुढच्या वसंतात.

सुरुवात सोपी होती. साराच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईचं नाव होतं, लिंडा. लिंडाच्या दाखल्यावर तिच्या आईचं. आठवड्यातून दोन दिवस मी बस घेऊन शहरातल्या लायब्ररीत जायचे, पाचव्या मजल्यावर खिडकीजवळची खुर्ची पकडायचे. ग्लासगोत जुन्या काळी गरिबांना मदत द्यायची झाली तर पॅरिशचा इन्स्पेक्टर घरी येऊन सगळी चौकशी लिहून घ्यायचा. नवरा कुठे, मुलं किती, खोलीचं भाडं किती, दारूचा वास आला का. त्या जाडजूड वह्या तिथे जपून ठेवल्यात. साराच्या घराण्यातल्या जवळजवळ प्रत्येक बाईचं नाव मला त्या वह्यांमध्ये लहान मूल म्हणून सापडलं. “आई सोडून गेली,” एवढंच लिहिलेलं. पुढे वय.

सगळ्यांत मागे होती इझाबेला रेनी. लॉजिंग हाउसमधली दोन ब्लँकेट्स चोरली म्हणून १८४२ साली तिला सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लीथच्या धक्क्यावरून लंडन, तिथून जहाजाने टास्मानिया. मुलीला बरोबर नेऊ द्यावं असा तिने अर्ज केला होता. अर्ज दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, खाली तिची फुली. “मूल अंगावरचं दूध प्यायचं थांबलं आहे” असा शेरा मारून तो फेटाळला होता. मुलगी अ‍ॅग्नेस पुअरहाउसमध्ये, गरिबांसाठीच्या आश्रमात, राहिली. अकरा महिन्यांची.

टास्मानियाचं रेकॉर्ड ऑनलाइन मिळालं. तिथल्या नोंदी एकसारख्याच होत्या. कामावरून पळाली, धक्क्यावर सापडली. पुन्हा पळाली, पुन्हा धक्क्यावर. १८५१मध्ये हॉस्पिटलात वारली. परत आलीच नाही.

मग मी अ‍ॅग्नेसचं पान काढलं. अ‍ॅग्नेस मोठी झाली, गिरणीत लागली, लग्न केलं. मुलगी झाली. १८६९मध्ये एका सकाळी ती चुलीपुढून उठून गेली ती गेलीच. मुलीचं वय अकरा महिने. त्या मुलीची मुलगी १८९६ची. तिलाही अकरा महिन्यांची टाकून आई गेली. पुढे १९२६. पुढे १९५८. आणि १९९३मध्ये लिंडा, शेजारणीच्या कडेवर बाळ देऊन.

मी वहीत आकडे एकाखाली एक लिहिले आणि वही मिटली. गरिबी, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन, आईविना वाढलेल्या मुली. कारणं हवी तेवढी होती. पाच बायका. एवढ्याशा संख्येवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी स्वतःला बसमध्ये दोनदा सांगितलं.

साराला दिलेल्या कागदांमध्ये मी नावं आणि सालं ठेवली. मुलींची वयं काढून टाकली.

फॉर्मवरचा तो रकाना मात्र डोक्यात होता. इझाबेलाच्या तब्येतीचं काही कळेल म्हणून सप्टेंबरात मी लंडनच्या अर्काइव्हकडे त्या जहाजावरच्या सर्जनच्या रोजनिशीचे स्कॅन मागवले. चार-पाच महिने लागतील, असं उत्तर आलं.

ऑक्टोबरमध्ये मी डेनिस्टनला मिहीर आणि साराकडे राहायला गेले. सारा पुन्हा कामावर जाण्याआधी मदत म्हणून, असं मी सांगितलं. जुनी दगडी बिल्डिंग, तिसरा मजला, स्वयंपाकघराला उंच खिडकी. तिथून समोरच्या बिल्डिंगची धुराडी दिसायची. नदी तिथून दीड-दोन मैल तरी लांब.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो. माझं लक्ष साराच्या कपाकडे गेलं. चहा एका बाजूला काठापर्यंत चढला होता आणि दुसऱ्या बाजूला बोटभर खाली होता. सारा मोबाइल बघत होती. मग चहा सावकाश सपाट झाला आणि दुसऱ्या बाजूने चढायला लागला.

माझ्या कपातला चहा सपाट होता.

ती आंघोळीला गेल्यावर मी मिहीरच्या हत्यारांमधली पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. जमिनीवर ठेवली, तिथेही मध्ये. मी डोळे तपासून घेतले. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, असं ऑप्टिशियन म्हणाला.

पुढच्या आठवड्यात साराला मळमळायला लागलं. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. कानाची तपासणी नॉर्मल. ती पाय फाकवून चालायला लागली, पॅसेजमधून जाताना एक हात भिंतीला. केसांना कसला वास येतोय, म्हणून ती सारखे केस धुवायची. मला तो वास पहिल्या दिवसापासून येत होता. रस्ता करताना डांबर उकळतात, तसा.

एका दुपारी सिया झोपली होती. सारा माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात मी दिलेले कागद होते.

“आई, यात मुलींची वयं का नाहीत?”

“नोंदी नीट नाहीत गं.”

“माझी आई गेली तेव्हा मी अकरा महिन्यांची होते. माझ्या फाइलमध्येच आहे. मी पंधरा वर्षांची असताना वाचलंय.” ती कागदांवरून हात फिरवत होती. “मी बाकीच्यांचं विचारतेय.”

हॉस्पिटलात मी कितीतरी माणसांना वाईट बातमी दिली होती. इथे मला साधं खोटंही धड बोलता येईना.

“सगळ्याच?” तिने विचारलं.

“सगळ्याच.”

तिने कागदांची घडी घातली. “मला कुठेही जायचं नाहीये, आई. मी तिला सोडून जाणार नाही. तुम्हाला माहितीये ना?”

“माहितीये.”

“मग मला धरून ठेवा,” ती म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

मिहीर भडकला. चिडला की त्याचं मराठी अगदीच कोलमडतं. “आई, तू हा फाइल उघडलाच कशाला? तिला बरं नाहीये, आणि तू तिच्या डोक्यात हे घालते?” त्याने जीपीची, नेहमीच्या डॉक्टरची, वेळ घेतली. जीपीने बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारांची नर्स घरी पाठवली. शहाणी, शांत बाई होती. तासभर बसली. जाताना जिन्यात मला म्हणाली, “तिला धोका वाटत नाही. बाळाशी नातं फार छान आहे.” खरंच होतं ते.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला सियाला अकरा महिने पूर्ण होत होते. मिहीरने सुट्टी घेतली. विश्वास नसतानाही घेतली. गुरुवार होता. सकाळी आठ वाजता मी बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली. खिडक्या वर्षानुवर्षं रंगाने चिकटलेल्या. त्या उघडतच नसत. सारा हे सगळं बघत होती. “थँक्यू,” ती म्हणाली.

आम्ही चौघंही स्वयंपाकघरातच बसून राहिलो. मिहीरने टोस्ट केले. सियाने केळं कुस्करून खुर्चीला फासलं. बाहेर बिनपावसाचा करडा उजेड होता. साडेदहाला टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासातलं पाणी कलायला लागलं. या वेळी ते मिहीरलाही दिसलं. त्याने ग्लास हातात घेतला, खाली ठेवला आणि साराचा हात धरला.

अकरानंतर सगळं थांबलं. पाणी सपाट. वास नाही. सारा म्हणाली, “मळमळ गेली.” तिच्या गालांवर रंग आला होता. मिहीर रडायलाच लागला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

“चहा करते,” ती म्हणाली. “धरा हिला जरा.”

मी सियाला घेतलं.

सिंक माझ्यापासून चार पावलांवर. मिहीर टेबलाशी, नाक पुसत. साराने किटली नळाखाली धरली. नळ सोडला.

सियाने माझा चष्मा ओढला. मी तो तिच्या मुठीतून सोडवला आणि डोळ्यांवर चढवला.

नळ वाहत होता. किटली सिंकमध्ये भरून वाहत होती. सिंकपुढे कुणी नव्हतं.

“सारा?” मिहीर म्हणाला.

दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

पोलीस आले. त्यांनी जमिनीच्या फळ्या काढल्या, पोटमाळा पाहिला, मागच्या आवारातले डबे उपसले. मिहीरला दोन दिवस नेलं. आम्ही दोघांनी जे सांगितलं तेच पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलं. मिहीरवर काहीच सिद्ध झालं नाही. तो निर्दोष आहे असंही कुणी म्हटलं नाही. नोकरी गेली. चौकशी पूर्ण होईपर्यंत सोशल वर्क खात्याने सियाला माझ्याकडे ठेवलं. मिहीर शनिवारी येतो, तिच्याजवळ जमिनीवर बसतो. माझ्याशी बोलत नाही. एकदाच दारात थांबून म्हणाला, “तू शोधलं नसतं तर?”

फेब्रुवारीत लंडनहून स्कॅन आले. मी ते मागवलेत हेच मी विसरले होते. सकाळचे अकरा वाजले होते. सिया पलीकडच्या खोलीत पातेल्यांशी खेळत होती. मी लॅपटॉप उघडला.

सर्जनचं अक्षर बारीक पण सुवाच्य होतं. पहिली दोन पानं हवा, जहाजाच्या फटींत भरायचं डांबर, रेशन, खोकला, जुलाब. तिसऱ्यावर त्याने लिहिलं होतं की यादीप्रमाणे बायका एकशे ब्याऐंशी, पण मोजल्या तर एकशे एकोणनव्वद भरतात. त्याने तीनदा मोजल्या. लंडनला चूक झाली असावी, कप्तानाला कळवलं आहे. जास्तीच्या बायका रेनी नावाच्या कैद्याभोवती बसून असतात. त्यांचे कपडे विचित्र आहेत. नावं सांगतात ती यादीत नाहीत.

मी पुढे वाचत गेले. त्याने एकेकीला तपासलं होतं. एकीच्या पोटावर, खाली, आडवा भरलेला व्रण होता. पोट चिरून मूल काढल्यासारखा. असा व्रण जिवंत बाईच्या अंगावर मी कधी पाहिलेला नाही, असं त्याने लिहिलं होतं.

सिया सिझेरियनने झाली. मी स्वतः त्या वेळी साराच्या उशाशी होते.

खूप वेळाने मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. पेन घेऊन मोजलं. अ‍ॅग्नेस, तिची मुलगी, आणि खालच्या तिघी. पाच. सारा सहावी.

त्याने सात लिहिल्या होत्या.

पलीकडे पातेल्याचं झाकण जमिनीवर गोल फिरत राहिलं आणि थांबलं. मी पान उलटलं.

सातवी सावळी आहे, सर्जनने लिहिलं होतं. वय तिशीच्या आसपास. पोटावर व्रण असलेल्या बाईला ती आई म्हणते, वास्तविक दोघी एकाच वयाच्या दिसतात. एका पांघरुणात झोपतात. त्रास देत नाहीत.