लाल फुलीचं विमान

"वकील, मामी आपल्याला सोलून काढेल हं!" भोपळा म्हणाला.

"'विमानात खेळू नका' असं म्हणाली आई. आपण कुठे खेळतोय? आपण बघतोय!" असं म्हणत वकील शिडी चढलासुद्धा.

या मामेभावाला वकील का म्हणतात, हे आता सांगायला नकोच. त्याच्यामागून मिरची चढली आणि तिच्यामागून तिचा धाकटा भाऊ भोपळा. दोघं सुट्टीला मामाकडे आली होती.

वकिलाची आई, म्हणजे या दोघांची मामी, विमानांच्या संग्रहालयात काम करायची. कोणतं जुनं विमान जपायचं आणि कोणतं भंगारात काढायचं, हे ठरवायचं काम तिचं. सध्या आवारात दोन विमानं उभी होती, अगदी जुळी. त्यातलं एक पूर आला तेव्हा माणसं वाचवायला गेलं होतं. उतरताना खुंट लागून त्याचं पोट फाटलं, तर लोकांनी शाळेच्या पाटीचा पत्रा ठोकून ते बुजवलं आणि विमान माणसांना घेऊन उडालं! दालनात जागा एकाचीच. मामीने शेपटीवरचा नंबर बघून पुराचं विमान निवडलं. दुसऱ्याच्या नाकावर लाल फुली मारली. ते आज कापायचं होतं, आणि आपली मंडळी नेमकी त्यातच शिरली होती!

आत कुबट वास होता. इतक्यात शिडी वाजली.

"मुकादम! लपा!" वकील कुजबुजला. तिघं सीटखाली घुसली.

विमान कापणाऱ्या मजुरांच्या मुकादमाने दारातून डोकं घातलं. "आहे का रे कुणी?" असं विचारून उत्तराची वाटही न बघता त्याने दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली. मामीला कळेल या भीतीने कुणी ब्र काढला नाही. मोठीच चूक केली!

कारण दुसऱ्याच क्षणी शेपटीकडून कर्रर्र आवाज सुरू झाला. पत्र्यातून चकाकतं पातं आत आलं. ठिणग्या उडाल्या.

"थांबा! आम्ही आत आहोत!" तिघं किंचाळली. त्या आवाजात त्यांचं कोण ऐकणार? मिरचीने दारावर धडका मारल्या. दार हललं नाही. कुणाला न भिणाऱ्या मिरचीची पाचावर धारण बसली. धूर नाकात जाऊ लागला.

"पुढे पळा!" ती ओरडली. पळताना भोपळ्याचा पाय कुजलेल्या फळीतून आरपार गेला.

"ताई, मी अडकलो! ताई!"

मिरचीने खाली वाकून फळी उपसली आणि ती तशीच बघत राहिली. खाली विमानाच्या पोटाला एक वाकडातिकडा पत्रा ठोकलेला होता. त्यावर रंगवलेली अक्षरं होती, 'थमिक शा'.

"शाळेची पाटी! वकील, पुराचं विमान हेच आहे!"

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि संन्याशाच्या पोटात आपण!" वकील रडवेला झाला.

भोपळ्याला ओढत ती पायलटच्या जागेवर पोचली. समोरची काच घट्ट बसवलेली होती, आणि बाहेर पुढच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. माणसं सगळी शेपटीपाशी होती.

"हा दांडा!" वकील एकदम म्हणाला. "याची तार शेपटीपर्यंत जाते. हा ओढला की शेपटीची फळी वरखाली होते. पण तार कापली गेली तर..."

"बडबडू नकोस, ओढ!"

दांडा गंजलेला. तिघांनी जीव खाऊन ओढला. हलेना. पुन्हा ओढला. करकरत तो मागे आला! पुढे ढकलला, मागे ओढला, पुन्हा पुन्हा.

कर्रर्र बंद झालं. बाहेर कुणीतरी गळा काढला, "मुकादम, शेपटी हलतेय! मेलेलं विमान शेपटी हलवतंय!"

मग पळापळ झाली आणि कडी निघाली. दारात मामी उभी होती, पांढरीफटक.

"बाहेर या! आधी बाहेर या!" ती ओरडली.

"मुकादम, बघून घेतलं होतं ना आत?" तिच्यामागून संग्रहालयाचे संचालक गरजले. मुकादम ततपप करू लागला. "पोरांना हटवा, काम पुरं करू," एवढंच त्याला सुचलं.

मिरचीला बाहेर पळायचं होतं. पण ती बाहेर पडली की पातं पुन्हा फिरणार!

"मामी, आधी तू आत ये. मग हवं तेवढं मार," ती म्हणाली.

मामी गुडघ्यांवर बसली. टॉर्चच्या उजेडात तिने अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली.

"दुरुस्तीला आलेल्या विमानांच्या शेपट्यांची वर्कशॉपमध्ये अदलाबदल व्हायची," ती हळूच म्हणाली. "मला हे माहीत होतं. तरी मी शेपटीवरचाच नंबर बघितला. साहेब, चूक माझी. जपायचं विमान हे आहे."

संचालकांनी स्वतः रुमाल काढून नाकावरची फुली पुसायला घेतली. रंग निघेना, पण ते पुसतच राहिले. "शाब्बास रे पोरांनो!" ते म्हणाले. "आम्ही सगळे बाहेरून बघत बसलो!"

"शाब्बासकी कसली? आधी कान उपटते!" म्हणत मामीने तिघांना जवळ ओढलं. कान कुणाचाच उपटला नाही.

"घाबरलीस ना गं?" तिने मिरचीला विचारलं.

'मी? छे!' हे मिरचीचं ठरलेलं उत्तर. पण आज ते आलंच नाही. "खूप घाबरले, मामी," ती म्हणाली आणि भोकाड पसरून रडली.