पाटीवरची दुसरी छाती

बसा जवळ. आमच्या बेलापूरच्या सहादूची प्रज्ञा एक्स-रे काढते. हे तिनंच मला सांगितलं.

मागल्या मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवार. घोडेगावच्या पुढं एका वस्तीवर क्षयाच्या तपासणीचं शिबिर होतं. मशीन नवं. किरण अगदी थोडे सोडायचं. पण छातीला लावायची पाटी अशी, की अंगातून पार आलेला एकेक कण मोजून लॅपटॉपवर चित्र उमटवायची. बाजार उरकून माणसं येत राहिली. शाळेमागच्या जुन्या खोलीत शेवटच्या केशरबाई आल्या, तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. बाई सत्तरीच्या.

केशरबाईंनी पाटीला छाती टेकली. प्रज्ञानं बटण दाबलं. चित्र आलं. फासळ्या, काळीज. आणि त्यांच्यावर... आणखी फासळ्या.

“आजी, पाठीशी कुणी उभं होतं का?”

“न्हाई गं. एकलीच तर हाय.”

तिनं पुन्हा एक्स-रे काढला. आता एकच छाती, स्वच्छ. प्रज्ञाला हायसं वाटलं. आजींना बाहेर ओट्यावर बसवून तिनं मशीन बंद केलं.

पाटी मोजतच होती.

किरण नाहीत. समोर माणूस नाही. आकडा मात्र चढत होता... चार. अकरा. चाळीस. चित्र सावकाश उमटलं. बारीक छाती. गळ्यात डोरलं. उजवं फुप्फुस पार नासलेलं.

मग ते हललं. कुशीवर झालं... वळत होतं. प्रज्ञाकडं.

तिनं पाटीची वायर उपटली. पडदा काळा.

कुणीतरी खोकलं. कोरडं. अगदी कानाशी.

...

“पोरी, तू खोकलीस?” ओट्यावरून केशरबाईंनी विचारलं.

प्रज्ञा कशीबशी बाहेर आली. केशरबाई दाराकडंच बघत होत्या.

“आमची थोरली जाऊ, कडूबाई. तिला हितंच ठेवली हुती. शेवटचे चार म्हयने. भाकर उंबऱ्यावर ठेवायचो आमी...” त्या थांबल्या. “आत कुनीच गेलं न्हाई. तपासायला बी न्हाई.”

सामान टाकून जाता येईना. मोबाईलच्या उजेडात प्रज्ञा आत गेली. पाटी खोक्यात घातली. मागं न बघता निघाली.

कंपनीनं महिनाभर पाटी तपासली. दोष निघाला नाही. सील केलेलं खोकं परत आलं, ते प्रज्ञानंच उघडलं. पाटीच्या वरच्या कडेला, माणसं हनुवटी टेकतात तिथं, वाफ धरली होती.

तिनं बोटानं पुसली.

कोमट लागली.