न धुतलेला फ्रॉक

नवधामणी महानगरात घरं बांधत नसत, वाढू देत. तिथल्या भिंती बुरशीपासून घडवलेल्या, जिवंत. लोक त्यांना श्वासभिंती म्हणत. घरातल्या प्रत्येकाच्या घामाचा, श्वासाचा वास त्या ओळखत. मूल आलं की भिंत मागे सरकून त्याला खोली करून देई, आणि त्या खोलीबरोबर खालच्या शाळेतला एक बाक आपोआप त्याच्या नावे होई. सलग चाळीस दिवस वास आला नाही, की खोली मिटायची आणि बाक रांगेतल्या पुढच्या मुलाला जायचा. रोज हजारो माणसं येऊन पडणाऱ्या शहराने दुसरं करावं तरी काय!

रेवती गुंजाळची नऊ वर्षांची मृण्मयी तापाने गेली, त्याला सात महिने झाले होते. तिची खोली मात्र जशीच्या तशी होती. रेवती इमारतीची धुलाई सांभाळायची. साऱ्या जगाचे कपडे धुणाऱ्या या बाईने लेकीचे कपडे तेवढे न धुता डब्यात बंद करून ठेवले होते. महिन्याला एक काढून ती खोलीतल्या खुंटीवर टांगायची, आणि भिंत बिचारी फसायची. आता शेवटचा फ्रॉक लटकत होता.

तशात श्वासभिंतींचे शास्त्रज्ञ डॉ. पेंडुरकर दारात आले.

"भिंतीला संशय आला?" रेवतीने विचारलं.

"भिंतीला नाही. शाळेतल्या बाईंनीच सांगितलं. दयेपोटी इतके दिवस त्या हजेरीत 'आजारी' लिहीत होत्या. पण ताई, रांगेत पहिली असलेली ती झुलेखा रोज शाळेच्या पायरीवर बसते हो."

रेवतीला ते ठाऊक होतं. पायरीवरून पाढे ऐकणारी ती पोर दिसली की ती मान वळवून जायची.

"साहेब, भिंतीला माझ्या मृण्मयीचा वास अजून येतो?"

"येतो. तिला एक कण पुरतो."

"मला येईनासा झालाय," रेवती म्हणाली आणि ढसाढसा रडली. "फ्रॉक नाकाशी धरते, तर नुसतं कापड! तिला ओळखणारी ही एवढी भिंत उरलीय. हिलाही विसरायला लावू?"

डॉक्टरांनी हातातली वही मिटली. "मी तक्रार लिहीत नाही. तुम्हीच ठरवा," म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी रेवती शाळेवरून जात होती, तेव्हा आत तेराचा पाढा चालला होता. झुलेखा पायरीवर, आतल्या पोरांच्याही आधी पुटपुटत होती, "तेरा सत्ते एक्क्याण्णव." मृण्मयी नेमकी तिथेच अडायची. रेवती तशीच घरी गेली, फ्रॉक खुंटीवरून काढला आणि दोनदा साबण लावून खसाखसा धुतला. वाळल्यावर पुन्हा खुंटीला अडकवला.

एक्केचाळिसाव्या सकाळी ती उठली, तर खोलीच्या जागी सपाट भिंत होती. पलंग आणि फ्रॉक भिंतीने बाहेर ढकलले होते. खाली हजेरी चालली होती. झुलेखाचं नाव आलं, आणि केवढ्यांदा तरी "हजर!" ऐकू आलं.

रेवतीने फ्रॉक उचलून नाकाशी धरला. साबणाचा वास येत होता.